गल्ला आणि फडणीस

लक्ष्मीपूजनाला पाटावर वही मांडून तिला हळदकुंकू वाहायची आपली रीत. इथे परदेशात वहीच्या जागी लॅपटॉप आला, तरी प्रश्न तोच राहतो: पूजा झाल्यावर ती वही उघडून वाचतो कोण?

आपल्या मंडळातल्या एका मैत्रिणीची दुबईत दोन उपाहारगृहं आहेत. करामामधलं पहिलं छान चालतं, दुसरं बरं चालतं, आणि आता तिसऱ्या जागेचा करार समोर आहे. भाड्यासाठी पुढच्या तारखांचे चेक द्यायचे, अनामत भरायची. त्यासाठी पाटल्या मोडायचीही तिची तयारी. "आता मोठा फायनान्सवाला ठेवू का गं?" तिनं विचारलं. तिच्या यजमानांचं म्हणणं, अकाउंटंट आहे की!

पण ही दोन कामं वेगळी. पेशव्यांच्या दफ्तरात जमाखर्च लिहिणारे कारकून पुष्कळ होते. मोहिमेचा पैसा कुठून उभा राहणार, ही काळजी नाना फडणवीसांची. अकाउंटंट झालेलं सांगतो. फडणीस होणारं सांगतो: आज सही केली, तर सहा महिन्यांनी पगार निघतील का?

शाळेत असते तर फळ्यावर एक गणित घातलं असतं. समजा, मिसळीची प्लेट २१ दिरहमला. त्यातला १ दिरहम व्हॅटचा, उरले २०. गिऱ्हाइकानं दुकानात बसून खाल्ली, तर सामानाचे ७ जाऊन १३ उरतात. तीच ॲपवरून गेली आणि कमिशन ३० टक्के असलं, तर ६ तिकडे, ७ सामानाचे, १ डब्याचा; हाती ६. त्यातूनच भाडं, पगार, गॅस. म्हणजे विक्री वाढते आणि पैसा आटतो, असंही होतं.

शिवाय गल्ल्यातलं सगळं आपलं नसतं. २०१८ पासूनचा ५ टक्के व्हॅट आपण नुसता सांभाळायचा. कामगार नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी द्यायची: पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, पुढे ३० दिवसांचा.

मैत्रिणीला म्हटलं, शाखा मोजू नकोस, तीन गोष्टी बघ. विक्री वाढूनही चेकच्या तारखेला छातीत धडधडतं का? कोणती शाखा कोणाला पोसते, हे सांगता येतं का? आणि कर्ज, भागीदार किंवा लांबचा करार दाराशी आहे का? पहिल्या दोन्हींवर चांगला अकाउंटंट आणि दर आठवड्याचा हिशेब पुरू शकतो. तिसरी असेल, तर जाणता माणूस सहीच्या आधी हवा. सहीनंतर तो फक्त नुकसान मोजणार.

पूर्ण पगारी परवडत नसेल, तर महिन्यातून तीन-चार दिवस येणारा अनुभवी माणूस बघावा. त्याला महिना ६,००० दिरहम द्यायचे, तर ॲपवरच्या हजार प्लेटी झाल्या! एवढं मोजायचं, तर त्याला "नको" म्हणायची मुभाही द्या. मालकाच्या प्रत्येक बेताला मान डोलवणारा फडणीस फुकट मिळाला तरी महागच.