फिकट निळा रंग आणि विश्वामित्रीचे पाणी

मंडळाच्या गेल्या बैठकीत एका तरुण सभासदाने पडद्यावर जगाचा नकाशा लावला. तो ओढत ओढत बडोद्यापर्यंत आणला, आणखी मोठा केला, आणि आपल्या इमारतीवर बोट ठेवून म्हणाला, ‘‘काका, इथे रंग फिकट निळा आहे. शतकाच्या मध्यापर्यंत पाऊस फारसा वाढत नाही.’’ टाळ्या पडल्या. त्या भरवशावर ग्रंथालय तळमजल्यावर आणण्याची सूचनाही आली. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, म्हणून स्नेह्यांनी मला जुनाट ठरवले. तेव्हा माझी बाजू मांडणे प्राप्त आहे.

हवामानाची प्रादेशिक प्रक्षेपणे महाजालावर सर्वांना खुली व्हावीत, याला माझा विरोध नाही. आयपीसीसीने ऑगस्ट २०२१ मध्ये सहाव्या अहवालासोबत असा नकाशासंग्रह खुला केला, हे मोठेच काम झाले. एरवी ही आकडेवारी संगणकतज्ज्ञाखेरीज कोणाला उघडताही येत नाही. माझे भांडण आहे ते ‘दिसले म्हणजे कळले’ या समजुतीशी, आणि ती समजूत पोसणाऱ्या साधनांशी.

दक्षिण आशियासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने जी प्रादेशिक प्रतिमाने चालवली गेली, त्यांची जाळी आधी सुमारे ५० किलोमीटरची होती, पुढे सुमारे २५ किलोमीटरची आली. २५ किलोमीटरच्या एका चौकटीत सगळे बडोदे मावते आणि वर आसपासची गावेही येतात. त्या साऱ्या मुलखाला मिळून आकडा एकच, आणि तोही सरासरीचा. ३१ जुलै २०१९ रोजी शहरात चोवीस तासांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला; अशी सर सरासरीत विरघळून जाते. मग जे साधन या चौकटीच्या कडा गुळगुळीत करून आपल्याला गल्लीपर्यंत उतरू देते, ते आपल्याला जास्त ज्ञान देते की खोटा विश्वास? नकाशा मोठा करता येतो, त्यामागची माहिती मोठी होत नाही. चौकटीशी पोचल्यावर साधनाने थांबावे आणि ‘यापुढे मला ठाऊक नाही’ असे स्वच्छ सांगावे. आयपीसीसीच्या नकाशात जिथे प्रतिमानांचे एकमत नाही तिथे तिरक्या रेघा मारलेल्या असतात. आमच्या मित्राने त्या ‘चित्र स्वच्छ दिसावे’ म्हणून काढून टाकल्या होत्या!

दुसरी गोष्ट भाषेची, आणि ती आपल्या अंगणातली आहे. प्रक्षेपण म्हणजे भाकीत नव्हे. त्याच्या पोटात ‘जर’ असतो. भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात भारताचे सरासरी तापमान शतकाअखेर सुमारे ४.४ अंशांनी वाढेल असे आहे, पण ते १९७६ ते २००५ या काळाच्या तुलनेत, आणि उत्सर्जन बेसुमार चालू राहिले तर. हा ‘तर’ गाळून छापले की विज्ञानाचे पंचांग होते. ‘अंदाज’, ‘पूर्वानुमान’, ‘भाकीत’, ‘प्रक्षेपण’ हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. ज्या बडोद्यात १९३१ साली कारभारातील शब्दांसाठी ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’सारखा बहुभाषिक कोश सिद्ध झाला, तिथल्या साहित्य मंडळाला चार शब्दांच्या सीमा आखता येऊ नयेत? तज्ज्ञांनी इंग्रजीत लिहावे आणि आम्ही रंग पाहून माना डोलवाव्यात, ही वाटणी मला मान्य नाही. महाराजांनी पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी धाडल्या त्या वाचण्यासाठी, पेटीचा रंग पाहण्यासाठी नव्हे.

‘‘सामान्य माणसाला अनिश्चितता झेपत नाही, त्याला एक आकडा द्या’’ असाही युक्तिवाद त्या दिवशी झाला. हा सामान्य माणूस मला तरी भेटलेला नाही. सोयरीक जमवताना, पेरणी करताना, मुलाला परगावी धाडताना आपले लोक दहा शक्यता मनात तोलतात. त्यांना पावसाच्या तीन शक्यता झेपणार नाहीत, हे म्हणणे उद्धटपणाचे आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री शहरात शिरली, मगरी रस्त्यावर आल्या. आपल्या तळमजल्यावर पाणी गुडघाभर होते. भिंतीवरची ओल अजून रंगाखालून वर येते. नदीपात्रातील भराव आणि अडलेले नाले त्या नकाशात कुठेच नसतात, कारण तो पावसाचा नकाशा आहे, पुराचा नाही. वयस्कर सभासदांना जिना चढवत नाही, हे खरे. मलाही चढवत नाही. तरीही ठराव मतास येईल तेव्हा माझे मत विरोधात असेल. आणि त्या तरुण मित्राला विनंती अशी की, त्या दिवशी त्याने तोच नकाशा पुन्हा लावावा, पण तिरक्या रेघांसह, आणि प्रत्येक प्रतिमान वेगवेगळे.