एकपडदा चित्रगृहे ‘संपली’ नाहीत; ती संपवली गेली

१/ ‘एकपडदा चित्रगृहे काळाच्या ओघात संपली’ हे वाक्य फार सोयीचे आहे. दोष काळावर ढकलला की कुणालाच जाब द्यावा लागत नाही. वाचकहो, मुंबईपुरता हा हिशेब आज तपासून पाहू. हा इतिहास पडद्याचा कमी आणि तिकिटाच्या दराचा अधिक आहे.

२/ ७ जुलै १८९६. वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची चलतचित्रे प्रथम दाखवली गेली. प्रवेशमूल्य एक रुपया. म्हणजे तो खेळ मूठभरांचाच होता. काही दिवसांत खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात गेले आणि तेथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर ठेवले गेले. भारतात सिनेमा आला तो वॉटसनमध्ये. तो लोकांचा होऊ लागला तो या चार आण्यांमुळे.

३/ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. पुढे शहरभर उभ्या राहिलेल्या चित्रगृहांनी चार आण्यांचेच सूत्र पाळले : पिटात स्वस्त, बाल्कनीत महाग, पण छप्पर एक आणि चित्रपटही एक. बाल्कनीतल्या साहेबाला पिटातली शिट्टी ऐकावीच लागे.

४/ लालबागचे ‘भारतमाता’ घ्या. गिरणीच्या जमिनीवरचे हे चित्रगृह म्हणजे मराठी चित्रपटाचे हक्काचे घर. पाळी सुटलेला कामगार बायकामुलांसह चालत तेथे पोहोचे. त्याला ना गाडीभाडे लागे, ना आठवडाभर आधी खर्चाचा विचार करावा लागे. या चित्रगृहांचे आकर्षण झुंबरांत नव्हते. सहज जाता येण्यात होते.

५/ मालक स्वतंत्र होता म्हणून तो नेहमी सज्जन होता, असे मुळीच नाही. १९७१ मध्ये दादरच्या ‘कोहिनूर’मध्ये ‘सोंगाड्या’ला जागा मिळावी म्हणून रस्त्यावर उतरावे लागले, हे सर्वश्रुत आहे. पण जाब विचारायला दार समोर होते. आज कोणता खेळ किती वाजता लावायचा, हे दूरच्या कार्यालयात ठरते. तेथे कुणाचे दार ठोठवायचे?

६/ आता मूळ मुद्दा. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने मल्टिप्लेक्सना करमणूक शुल्कात सवलत दिली : पहिली तीन वर्षे पूर्ण माफी, पुढील दोन वर्षे ७५ टक्के. शेजारच्या जुन्या चित्रगृहाला मात्र हिंदी चित्रपटाच्या तिकिटावर तेच शुल्क भरावे लागे. जीएसटीपूर्वी मुंबईत ते ४५ टक्क्यांपर्यंत होते. एकाच्या पायात बेडी घालायची, दुसऱ्याला घोडा द्यायचा आणि मग म्हणायचे, शर्यत काळाने जिंकली!

७/ जुने चित्रगृह पाडताना नव्या इमारतीत एक-तृतीयांश आसने राखण्याचा नियम आहे. हेतू चांगला. पण नियमाने खुर्च्या राखल्या, दर राखला नाही. खुर्ची तीच, तिच्यावर बसणारा माणूस मात्र बदलला.

८/ यावर आक्षेप येईल : ती चित्रगृहे कळकट होती, स्वच्छतागृहांत पाऊल टाकवत नसे, स्त्रियांना अवघडल्यासारखे होई. हे सारे खरे आहे. पण नव्यांना दिलेली ती पाच वर्षांची माफी जुन्यांना दुरुस्तीच्या अटीवर दिली असती, तर हा आक्षेप आज उरला असता का?

९/ दुसरा आक्षेप : आता मोबाइलवर सारे स्वस्तात दिसते. दिसते खरे, पण एकट्याला. हमाल आणि हिशेबनीस एकाच विनोदावर एकाच क्षणी हसतात, तेव्हा शहर काही काळ एक होते. ही सोय मोबाइलमध्ये नाही.

१०/ जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाहेरचे खाद्यपदार्थ रोखण्याचा चित्रगृहमालकाचा अधिकार मान्य केला; सभागृह ही त्याची खासगी मालमत्ता आहे, हे त्यामागचे तत्त्व. कायद्याने ते ठीकच. पण ज्या खासगी मालमत्तेला उभे राहताना सार्वजनिक तिजोरीतून पाच वर्षे सवलत मिळाली, तिच्याकडे लोकांनी काहीच मागू नये काय?

११/ म्हणून मागणी साधी आहे. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर पाच टक्के आणि त्यावरील तिकिटावर अठरा टक्के जीएसटी आहे. दर पाहून कर लावता येतो, हे शासनानेच मान्य केले आहे. हेच तत्त्व मालमत्ता कर, वीजदर आणि पुनर्विकासाच्या परवानगीतही आणा. सवलत पडद्यांच्या संख्येला नको, तिकिटाच्या दराला द्या.

१२/ स्मरणरंजनाने चित्रगृहे वाचत नाहीत. बंद दारासमोर छायाचित्र काढून हळहळणे सोपे आहे. आपल्या गावात एखादे स्वस्त चित्रगृह अजून चालू असेल, तर या शुक्रवारी तेथे तिकीट काढा. आणि नगरसेवक मत मागायला आला की त्याला हा हिशेब विचारा. धागा समाप्त.