नासाचे सोवळे आणि टिटोचे तिकीट

१/ अंतराळ पर्यटन म्हणजे धनिकांचा पोरखेळ, हे वाक्य हल्ली फार सहज उच्चारले जाते. ते उच्चारणाऱ्यांनी डेनिस टिटो या स्वखर्चाने गेलेल्या पहिल्या अंतराळ पर्यटकाचा इतिहास एकदा तपासावा. त्या प्रकरणात पोरखेळ नेमका कोणी केला?

२/ टिटो म्हणजे केवळ पैशाची थैली नव्हती. तारुण्यात त्याने नासाच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेत मंगळाकडे जाणाऱ्या मरिनर यानांचे मार्ग आखले होते. पुढे गुंतवणूक व्यवसायात तो धनाढ्य झाला. आकाशाची ओढ मात्र सुटली नाही. वयाच्या साठाव्या वर्षी, सुमारे २ कोटी डॉलर मोजून, तो रशियाच्या दारी गेला. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर निधीअभावी खंगलेल्या रशियन अंतराळ कार्यक्रमाला हा पैसा हवाच होता.

३/ नासाने विरोध केला. स्थानक अपूर्ण, प्रवासी अननुभवी. ही चिंता अगदीच खोटी नव्हती, पण वागणूक पाहा. मार्च २००१ मध्ये ह्यूस्टनच्या केंद्रात टिटोला प्रशिक्षणास मज्जाव झाला. तेव्हा तल्गत मुसाबायेव आणि युरी बातुरिन या त्याच्या रशियन सहप्रवाशांनीही प्रशिक्षण नाकारले. अखेर, काही मोडल्यास भरपाई देईन आणि अमेरिकी विभागात सोबतीशिवाय फिरणार नाही, अशा अटी त्याच्याकडून मान्य करवून घेतल्या गेल्या. जणू पाहुण्याच्या वेशात चोरच आला होता!

४/ टिटोसाठी वेगळे यान सोडावे लागले, असेही नाही. स्थानकाला जोडलेले सोयूझ हे संकटकाळी सुटकेचे यान. ते साधारण दर सहा महिन्यांनी बदलावेच लागे. २८ एप्रिल २००१ रोजी बैकानूरहून निघालेले यान टिटो नसता तरी गेलेच असते. नव्या यानातून तो गेला, ६ मे रोजी जुन्यातून परतला. स्थानक शाबूत राहिले.

५/ त्याने नवा खंड शोधला नाही, हे खरेच. २०२१ मधील काही मिनिटांच्या उड्डाणांना शोधयात्रा म्हणणे तर हास्यास्पद. पण तीच ओढ पगारी अंतराळवीराच्या ठायी उदात्त आणि तिकीट काढणाऱ्याच्या ठायी हीन, हा कोणता न्याय?

६/ आता पुढचा इतिहास. २०११ मध्ये अमेरिकेची स्पेस शटल निवृत्त झाली आणि २०२० पर्यंत नासाचे अंतराळवीर स्थानकावर गेले ते रशियाकडून विकत घेतलेल्या सोयूझच्या आसनांवर. मग जून २०१९ मध्ये स्थानकाचे दार खासगी प्रवाशांना खुले करण्याची घोषणा झाली. ती केली नासानेच, मुक्कामाच्या दरासकट: एका रात्रीचे सुमारे ३५,००० डॉलर.