मानेसर : अटकेची नोंद आणि ती पाहण्याचा हक्क

हरियाणातील मानेसर येथील मारुती सुझुकी कारखान्यात १८ जुलै २०१२ रोजी झालेल्या हिंसाचाराच्या खटल्याचा निकाल गुरुग्रामच्या सत्र न्यायालयाने १० मार्च २०१७ रोजी दिला. खटला चाललेल्या १४८ कामगारांपैकी ३१ जण दोषी ठरले आणि ११७ जण निर्दोष सुटले. दोषींपैकी १३ जणांना पुढे जन्मठेप झाली. त्या घटनेत कंपनीच्या मनुष्यबळ विभागाचे महाव्यवस्थापक मृत्युमुखी पडले होते आणि अनेक अधिकारी जखमी झाले होते. त्यामुळे निकालाची चर्चा प्रामुख्याने शिक्षेभोवती झाली. सुटलेल्या ११७ जणांविषयी निकालपत्रात जे लिहिले गेले, त्याकडे तुलनेने कमी लक्ष गेले.

यांपैकी ८९ कामगारांची नावे चार साक्षीदारांच्या जबाबांत आली होती. ती नावे इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने होती. पहिल्या साक्षीदाराची यादी जिथे संपते, तिथून दुसऱ्याची सुरू होते आणि चौथ्यापाशी वर्णमाला पूर्ण होते. हातघाईच्या प्रसंगी आपल्यासमोर कोण होते, हे कोणी वर्णानुक्रमे आठवत नाही. न्यायालयाने याहून महत्त्वाची बाब नोंदवली. या कामगारांना साक्षीदारांनी नावे घेण्यापूर्वीच, व्यवस्थापनाकडून आलेल्या यादीच्या आधारे अटक झाली होती. अटक आधी आणि पुरावा नंतर, असा हा क्रम होता. तारखा शेजारी ठेवून पाहिल्यावरच तो उघड झाला आणि त्यासाठी साडेचार वर्षांहून अधिक काळ लागला. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये जामीन नाकारताना कामगार अशांततेमुळे परदेशी गुंतवणूकदार बिचकतील, असेही मत व्यक्त केले होते. जामिनाची वाट २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मोकळी होऊ लागली. तोवर बहुतेकांचा मुक्काम भोंडसीच्या जिल्हा कारागृहात होता.

एखाद्या व्यक्तीला कोणी, कधी, कोठे व कोणत्या आरोपावरून पकडले, ही नोंद त्याच दिवशी कोणालाही पाहता आली असती तर काय झाले असते, हा प्रश्न यातून उभा राहतो.

अशी तरतूद तेव्हा कायद्यात नव्हती, असे नाही. डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी अटकेसंबंधी अकरा निर्देश दिले. अटकेच्या वेळी वेळ व तारीख नमूद केलेला कागद तयार करावा, त्यावर नातेवाईक किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्ती साक्षीदार असावी आणि आरोपीची प्रतिस्वाक्षरी घ्यावी. अटकेची माहिती १२ तासांत पोलिस नियंत्रण कक्षाला कळवून तेथील फलकावर लावावी. आप्त दुसऱ्या जिल्ह्यात राहत असतील, तर ८ ते १२ तासांत तारेने कळवावे, असेही त्यात होते. तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तिच्या जागी आलेल्या भ्रमणध्वनीने हे काम काही क्षणांत होते, पण तो बहुधा अटकेबरोबरच पोलिसांच्या ताब्यात जातो.

पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४१-क समाविष्ट झाले व १ नोव्हेंबर २०१० पासून अमलात आले. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यातील नियंत्रण कक्षाबाहेर अटक केलेल्यांची नावे व पत्ते, तसेच अटक करणाऱ्या अधिकाऱ्यांची नावे व हुद्दे लावणे बंधनकारक झाले. राज्य मुख्यालयाने ही माहिती जनतेसाठी एकत्रित ठेवावी, असेही त्यात होते. म्हणजे मानेसरमध्ये धरपकड सुरू झाली, तेव्हा हे कलम जवळपास दोन वर्षांचे झाले होते. तरीही पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या दिल्लीतील संघटनेने २०१३ च्या अहवालात अटकेच्या पद्धतीवर गंभीर आक्षेप घेतले.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ ने ही तरतूद एक पाऊल पुढे नेली. आता जिल्ह्याबरोबरच प्रत्येक पोलिस ठाण्यात सहायक उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा एक अधिकारी या नोंदींसाठी जबाबदार आहे. नाव, पत्ता व गुन्ह्याचे स्वरूप ठाण्यात तसेच जिल्हा मुख्यालयात ठळकपणे, डिजिटल स्वरूपातही, दाखवायचे आहे.

मराठवाड्यातून किंवा खानदेशातून कामासाठी गेलेल्या एखाद्या तरुणाला मानेसरमध्ये अटक झाल्याचे घरी कळले, तर शोध कोठून सुरू करावा? पहिले ठिकाण अर्थातच पोलिस ठाणे. तेथील रोजनामचा, म्हणजे महाराष्ट्रात जिला स्टेशन डायरी म्हणतात ती, अटकेचा पहिला कागद असतो. दुसरा मार्ग प्रथम खबर अहवालाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ सप्टेंबर २०१६ च्या आदेशानुसार तो २४ तासांत संकेतस्थळावर टाकावा लागतो. लैंगिक गुन्हे, दहशतवाद यांसारखी संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळली आहेत. तिसरे ठिकाण दंडाधिकाऱ्यांचे न्यायालय. प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांत आरोपीला तेथे हजर करावेच लागते आणि पोलिस कोठडी की न्यायालयीन कोठडी हे तेथेच ठरते. न्यायालयीन कोठडी मिळाली, तर तुरुंगाच्या दाखल नोंदवहीत नाव चढते. वकील नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा १५१०० या क्रमांकावर मदत मागता येते. दोषारोपपत्र मात्र सर्वांसाठी खुले नसते; ते संकेतस्थळावर टाकण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये फेटाळली.

अमेरिकेत चित्र वेगळे आहे. तेथे अनेक काउंट्यांमध्ये तुरुंग शेरिफच्या अखत्यारीत असतो आणि तुरुंगात दाखल झालेल्यांची यादी नाव, आरोप, जामिनाची रक्कम आणि पुष्कळदा छायाचित्रासह इंटरनेटवर असते. नातेवाइकाला घरबसल्या पत्ता लागतो, हा तिचा लाभ. तोटाही ठसठशीत आहे. ही छायाचित्रे उचलून प्रसिद्ध करायची आणि काढून टाकण्यासाठी पैसे उकळायचे, असा धंदाच उभा राहिला. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांना त्याविरुद्ध कायदे करावे लागले. एका संघीय अपील न्यायालयाने १९९६ मध्ये अशी छायाचित्रे खुली करण्याचा निर्णय दिला होता. त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये तो फिरवला. एकदा प्रसिद्ध झालेले छायाचित्र इंटरनेटमुळे कायमचे मागे लागते, हे त्यामागचे एक कारण होते.

आपल्याकडे हा धोका अधिक आहे. नाव आणि पत्त्यावरून येथे जात, धर्म व गाव कळते. फलकावरील कागद दुसऱ्या दिवशी बदलतो, संकेतस्थळावरील नोंद राहून जाते. मानेसरचे ११७ जण निर्दोष ठरले, पण नोकरी परत मिळाली नाही. बडतर्फ कामगारांनी सप्टेंबर २०२४ मध्ये मानेसरमध्ये पुन्हा धरणे धरले. तेव्हा नोंद खुली असावी, पण निर्दोष सुटल्यावर ती हटवण्याची जबाबदारीही पोलिसांवर असावी. कलम ३७ त्याबाबत मौन बाळगते.

न्यायालयांचा कल अलीकडे कागदाच्या बाजूने झुकत आहे. गुरुग्राममध्येच जून २०२४ मध्ये अटक झालेल्या एका व्यक्तीला अटकेची कारणे कळवली गेली नव्हती. रुग्णालयात त्याला बेड्या घालून खाटेला जखडले होते. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०२५ रोजी ही अटक बेकायदा ठरवली. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतील वरळीच्या मोटार अपघात प्रकरणात याच न्यायालयाने सर्व गुन्ह्यांसाठी अटकेची कारणे लेखी, आणि तीही आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यावीत, असा दंडक घातला. ते तत्काळ शक्य नसेल, तर दंडाधिकाऱ्यांसमोर नेण्याच्या किमान दोन तास आधी लेखी प्रत मिळालीच पाहिजे. हरियाणात पकडलेल्या मराठी मजुराला हिंदीतील कागद पुरेसा ठरेल का, हा प्रश्नही यातून पुढे येणार आहे.

परंतु हे सर्व ‘अटक’ या शब्दापासून सुरू होते. जुलै २०२५ मध्ये गुरुग्राम पोलिसांनी बांगलादेशी असल्याच्या संशयावरून बंगालीभाषक मजुरांना ताब्यात घेतले आणि ओळख पटेपर्यंत सामुदायिक केंद्रांत ठेवले. त्यांत मानेसरमधील केंद्रही होते. कोणावरही गुन्हा नोंदवलेला नसेल, तर प्रथम खबर अहवाल नसतो, दंडाधिकाऱ्यांसमोर हजेरी नसते आणि तुरुंगाची दाखल नोंदही नसते. अशा वेळी कुटुंबाला उच्च न्यायालयात देहोपस्थितीची याचिका करावी लागते. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालय अशा याचिकेवर वॉरंट अधिकारी नेमून त्याला थेट ठाण्याची झडती घेण्यास पाठवते. हा उपाय परिणामकारक आहे, पण तो चंडीगडला आहे आणि त्यासाठी वकील लागतो. चौकशीसाठी बसवून ठेवलेल्या माणसाचे नाव फलकावर लिहावे, असे कलम ३७ कोठेही म्हणत नाही.