व्रण भरतो आहे, पण किती?

आपल्या केसपेपरवर सर्वाधिक वेळा लिहिले जाणारे आणि सर्वांत कमी माहिती देणारे वाक्य कोणते, असे कोणी विचारले तर मी ‘व्रण सुधारत आहे’ या तीन शब्दांकडे बोट दाखवीन. माझ्या संग्रहातील एका जुन्या केसपेपरवर हे वाक्य अकरा वेळा आले आहे. रुग्ण मधुमेही, साठीच्या आसपासचे गृहस्थ. उजव्या तळपायावर अंगठ्याच्या मुळाशी व्रण. त्रिफळा क्वाथाने प्रक्षालन, जात्यादि तेलाचा पिचू आणि एक दिवसाआड बंधन, असा क्रम दहा आठवडे चालला. स्राव घटला, दुर्गंधी गेली, तळ लालसर दिसू लागला. रुग्ण समाधानी होते आणि मीही. अकराव्या आठवड्यात एषणी हाडाला लागली. शल्यचिकित्सक सहकाऱ्यांकडे पाठविले तेव्हा पाक अस्थीपर्यंत पोहोचला होता. अंगठा काढावा लागला. त्या तेलाने लाभ झाला नाही, असे मला म्हणता येत नाही; झाला, असेही म्हणता येत नाही. कारण त्या दहा आठवड्यांत मी तो व्रण एकदाही मोजला नव्हता.

ही कबुली येथे देण्याचे कारण आहे. मधुमेही पादव्रणांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या ‘इंटरनॅशनल वर्किंग ग्रुप ऑन द डायबेटिक फूट’ या संस्थेने २०२३ च्या आपल्या सूचनांत, व्रणरोपणाच्या हेतूने मध तसेच वनौषधियुक्त ड्रेसिंग वापरू नये, असे सांगितले आहे. आपल्यापैकी अनेकांना हा पूर्वग्रह वाटेल. परंतु त्याच सूचनांत कोलॅजन, अल्जिनेट आणि जंतुनाशक ड्रेसिंग यांनाही नकार दिलेला आहे. निकष एकच आहे: विश्वसनीय मोजमापाचा पुरावा. सुक्रोज ऑक्टासल्फेटयुक्त ड्रेसिंगला विशिष्ट रुग्णांसाठी त्यांनी स्थान दिले, त्यामागे २०१८ साली प्रसिद्ध झालेली २४० रुग्णांची चाचणी आहे. तीत वीस आठवड्यांत ते ड्रेसिंग वापरलेल्यांपैकी ४८ टक्के, तर तसेच दिसणारे पण ते द्रव्य नसलेले ड्रेसिंग वापरलेल्यांपैकी ३० टक्के रुग्णांचे व्रण पूर्ण भरले. आपल्या मध-घृताविषयी वा जात्यादीविषयी अशा तोडीचे दोन आकडे आपण मांडू शकतो काय? त्यांना दोष देण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर आपण स्वतःला दिले पाहिजे.

मोजमाप ही परकी कल्पना आहे, असा एक आक्षेप नेहमी येतो. तो टिकणारा नाही. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात व्रणाचे साठ उपक्रम सांगितले. परंतु उपक्रम सांगून ते थांबले नाहीत. शुद्ध, रुह्यमाण आणि सम्यक् रूढ अशा व्रणाच्या तीन अवस्थांची लक्षणे त्यांनी सूत्रस्थानात स्वतंत्रपणे दिली. सम्यक् रूढ व्रणात ग्रंथी नसावी, शोथ नसावा, वेदना नसावी, तो त्वचेच्या वर्णाचा व समतल असावा, ही अपेक्षा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ साली व्रण पूर्ण भरल्याची जी व्याख्या केली, ती याच वाटेने जाते: त्वचा पूर्ण आलेली, स्राव नाही, ड्रेसिंगची गरज नाही आणि दोन आठवड्यांच्या अंतराने केलेल्या दोन तपासण्यांत स्थिती तीच. लक्षणे आपल्याकडे होतीच. त्यांच्यापुढे तारीख आणि आकडा लिहिण्याची सवय मात्र आपण लावून घेतली नाही.

ही सवय खर्चिक नाही. निर्जंतुक पारदर्शक कागद व्रणावर ठेवून कडा रेखाटावी व ती ग्राफ पेपरवर ठेवून चौरस मोजावेत. तेही जमत नसेल तर सर्वाधिक लांबी व तिला काटकोनात असलेली सर्वाधिक रुंदी मोजून गुणाकार करावा. व्रण लंबगोल असल्यास त्या गुणाकारास ०.७८५ ने गुणले की क्षेत्रफळ वास्तवाच्या जवळ येते. खोली एषणीने पाहावी. पहिले माप शोधनानंतर घ्यावे. मृत मांस काढल्यावर व्रण मोठा होतो आणि आधीचे माप धरल्यास औषधाने व्रण वाढविला असा भ्रम होतो. छायाचित्र रुग्णाच्या संमतीने, शेजारी पट्टी ठेवून, प्रत्येक वेळी त्याच अंतरावरून घ्यावे.

डोळा किती फसवितो याचे एक उदाहरण देतो. चार बाय तीन सेंटिमीटरचा व्रण तीन बाय दोन झाला, तर पाहणाऱ्यास केवळ एकेक सेंटिमीटर घटल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात क्षेत्रफळ निम्मे झालेले असते. याउलट तळ लाल व स्वच्छ झाला, पण माप तेवढेच राहिले, तर आपल्याला प्रगती भासते आणि ती नसते. माझ्या रुग्णाच्या बाबतीत बहुधा हेच घडले असावे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या २०३ मधुमेही रुग्णांच्या अभ्यासात, पहिल्या चार आठवड्यांत ज्यांचे व्रण अधिक आकुंचन पावले, त्यांच्यापैकी ५८ टक्के बारा आठवड्यांत बरे झाले. ज्यांचे कमी आकुंचन पावले, त्यांच्यापैकी केवळ ९ टक्के. म्हणून चौथ्या आठवड्यात क्षेत्रफळ निम्म्यावर आले नसेल तर तेच ड्रेसिंग पुढे रेटू नये. रक्तपुरवठा, अस्थिपाक, शर्करा आणि पायावर येणारा भार पुन्हा तपासावा आणि आवश्यक तेथे रुग्ण विनाविलंब पाठवावा.

मात्र माप घेतले म्हणजे श्रेय औषधाचे ठरले, असेही नव्हे. त्याच काळात रुग्णाने पादत्राण बदलले, इन्सुलिन सुरू केले वा प्रतिजैविके घेतली असतील, तर त्याची नोंद केसपेपरवर हवी. लागोपाठ आलेला प्रत्येक रुग्ण यादीत हवा. मध्येच येणे सोडलेला रुग्ण ‘बरा झाला’ असे गृहीत धरू नये. आपल्या परिषदांतून निवडक यशस्वी छायाचित्रे दाखविली जातात, त्यांतून न भरलेले व्रण वगळलेले असतात.

औषधनिर्मात्या बंधूंनाही एक विनंती. जात्यादि तेल कोणी तिळतेलात सिद्ध करतो, कोणी खोबरेल तेलात. तुत्थाचे शोधन आणि प्रमाणही सर्वत्र सारखे असेल, याची खात्री नाही. बॅच बदलली की औषध बदलत असेल, तर वैद्याने घेतलेले माप कोणत्या औषधाचे मानावे? बॅच क्रमांक, मूळ तेल आणि अम्लमूल्य वैद्यांना सहज उपलब्ध करून द्यावे. वैद्यांनी बॅच क्रमांक केसपेपरवर लिहावा.

प्रत्येक रुग्णाची प्रकृती भिन्न, मग सर्वांना एक मोजपट्टी कशी, असे कोणी विचारील. चिकित्सा प्रकृतीनुसार अवश्य बदलावी. सेंटिमीटर मात्र वातप्रकृतीला आणि कफप्रकृतीला सारखाच असतो.

आपल्यापैकी प्रत्येकाने येत्या तिमाहीत आलेल्या पहिल्या दहा जीर्ण व्रणांची अशी नोंद ठेवली, यशापयशासह, आणि ती एकत्र आणली, तर वर्षभरात आपल्याजवळ बोलण्यासारखे काही असेल. ते आपल्या मनासारखेच असेल, याची हमी मी देत नाही. परंतु माझ्या त्या रुग्णाच्या केसपेपरवर अकरा वाक्यांऐवजी अकरा आकडे असते, तर कदाचित पाचव्या आठवड्यातच मी त्यांना पुढे पाठविले असते.