कॅट पुन्हा द्यावी काय?

कॅटचा निकाल लागला की आमच्या वस्त्यांतील अनेक घरांत एकच प्रश्न उभा राहतो. पोराने पुन्हा परीक्षेला बसावे काय? बाप म्हणतो, मिळेल त्या कॉलेजात जा. मामा म्हणतात, एमबीए आपल्याला झेपायचे नाही, बँकेची परीक्षा दे. 'राखीव जागा असूनही लागला नाही!' असा टोमणा मारून शेजारी मोकळे होतात. या गोंगाटात ज्याने पेपर सोडवला त्याला कोणी विचारीतच नाही, की बाबा रे, तू नेमका कुठे अडलास?

आमच्या मते निर्णयाची सुरुवात याच प्रश्नापासून झाली पाहिजे. कॅटमध्ये इंग्रजी, तर्क व माहितीचे विश्लेषण आणि गणित असे तीन विभाग असतात. प्रत्येकाला ४० मिनिटे. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्यायी प्रश्न चुकला तर १ गुण वजा. बहुतेक आयआयएम प्रत्येक विभागात किमान पर्सेंटाइल मागतात. मराठी शाळेत शिकलेला मुलगा गणितात तरतो आणि इंग्रजी उताऱ्यांपाशी अडतो, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. ही उणीव रोजच्या वाचनाने भरून निघू शकते. अशा मुलाने परीक्षा पुन्हा दिलीच पाहिजे. परंतु तिन्ही विभागांत गुण कमी आणि अभ्यासाची पद्धतही तीच राहणार असेल, तर दुसरा निकाल वेगळा कसा लागणार?

दुसरी गोष्ट पैशाची. कॅटच्या प्रयत्नांना मर्यादा नाही. अनुसूचित जाती-जमातींना शुल्कही निम्मे आहे. खरा खर्च होतो तो घरी रिकाम्या बसलेल्या वर्षाचा आणि क्लासच्या हप्त्यांचा. आयआयएमच्या निवडीत दहावी, बारावी व पदवीचे गुण, कामाचा अनुभव आणि मुलाखत यांचाही विचार होतो. जुने गुण बदलत नाहीत. कॅटचे गुण आणि अनुभव मात्र वाढवता येतात. म्हणून नोकरी करीत परीक्षा द्यावी, हे आमचे स्पष्ट मत आहे. वर्ष वाचविण्याच्या घाईत खासगी कॉलेजच्या व्यवस्थापन कोट्यात शिरू नये. त्या जागेवर सरकारी शिष्यवृत्ती मिळत नाही, हे पालकांना कळते तोवर कर्ज झालेले असते.

बाबासाहेबांना शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठविले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. पुढे रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत पाठविला. तो सुधारून त्यांनी पुन्हा सादर केला आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळविली. परत आलेल्या प्रबंधाची त्यांनी लाज बाळगली नाही.

आयआयएममधील अनुसूचित जातींच्या १५ टक्के आणि जमातींच्या साडेसात टक्के जागा हा आपला हक्क आहे. टोमण्याला भिऊन तो सोडू नका, आणि टोमण्याला उत्तर म्हणूनही परीक्षेला बसू नका. आपला पेपर समोर घ्या, चुका मोजा, घरचा हिशेब मांडा आणि मगच अर्ज भरा.