घाटावरचे स्नान आणि परक्याचा कॅमेरा

पर्वस्नान उघड्यावरचे असले तरी ते प्रदर्शनासाठी नसते. एवढी साधी गोष्ट सांगण्याची पाळी २०२५ च्या प्रयागराज महाकुंभाने आणली. स्नान करणाऱ्या व वस्त्रे बदलणाऱ्या स्त्रियांची चित्रणे समाजमाध्यमांवर टाकण्यात आली, काही विक्रीसही ठेवण्यात आली. त्या फेब्रुवारीत उत्तर प्रदेश पोलिसांना गुन्हे नोंदवावे लागले. त्याच मेळ्यातील माळा विकणाऱ्या एका अल्पवयीन मुलीची कथा निराळी. तिच्या डोळ्यांची चित्रे देशभर फिरली आणि चित्रण करणाऱ्यांचा असा गराडा पडू लागला की, विक्री सोडून तिला घरी परतावे लागले. तिची कोणी निंदा केली नव्हती. धंदा बुडाला तो कौतुकानेच!

आता नाशिक-त्र्यंबकेश्वरचा २०२६-२७ चा सिंहस्थ. भातसेकाठच्या सापगावासारख्या गावांतील, किंबहुना सगळ्या शहापूर-मुरबाडकडील भाविकांना गोदातीर दूर नाही. कसारा घाट चढला की नाशिकची वाट सरळ. म्हणून हा प्रश्न त्यांच्या घरचा आहे.

२०१९ च्या कुंभावेळी अलाहाबाद उच्च न्यायालयाने स्नानघाटांपासून शंभर मीटरच्या आत छायाचित्रणास मनाई केली होती. विस्तीर्ण संगमावर असे अंतर आखता येते. कुशावर्ताचे काय? ते भर वस्तीतले, चहूबाजूंनी ओवऱ्या असलेले लहानसे कुंड. तेथे शंभर मीटर मोजू लागलो तर बाजारही त्यात येईल. म्हणजे तेथे दोरी उपयोगाची नाही. ओवरीत उभ्या असलेल्या माणसानेच हात आवरला पाहिजे.

कायदा काही अंशी पाठीशी आहे. भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमान्वये स्त्रीच्या खाजगी कृतीचे चित्रण व प्रसार हा गुन्हा असून पहिल्या अपराधास एक ते तीन वर्षे कारावास व दंड आहे. चित्र काढू देण्यास संमती असली तरी ते इतरांना पाठविण्यास ती आपोआप मिळत नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. तथापि गर्दीच्या घाटावरील स्नान ‘खाजगी’ कसे, असा वाद न्यायालयात घातला जाईलच. पदर तोंडावर ओढून घेणाऱ्या वृद्धेचे उत्तर मात्र कोणत्याही कलमाविना कळते.

चित्रे काढूच नयेत, असे कोण म्हणेल? पालखीचे, दिंडीचे, ध्वजांचे दूरचे दृश्य घ्यावे. एकाच चेहऱ्याशी कॅमेरा नेताना मात्र ‘काढू का, आजी?’ एवढे विचारावे. गाभाऱ्यात छायाचित्रणास मनाई असली की आपण निमूट पाळतो. वारकरी तर एकमेकांच्या पाया पडतात. मग भाविकाच्या बाबतीतच ही मोकळीक कोठून आली?

आणि झालाच अपराध, तर तक्रारीसाठी तेथेच अडकून पडण्याचे कारण नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती, तो कोठेही घडला असला तरी, दुसऱ्या हद्दीतील पोलीस ठाण्यात देता येते. त्र्यंबकेश्वरी घडलेल्या प्रकाराची तक्रार शहापुरातही नोंदविता येईल.